पुणं सोडून वाईला: मुलीच्या शाळेचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही हिंजवडीत नोकरीला, आठवड्यातून एखाद-दुसरा दिवसच ऑफिसात जावं लागतं. सासूबाई वाईत एकट्या, सत्तरीच्या पुढच्या. मुलगी पुण्यात राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमात चौथीत. जूनपासून वाईलाच राहावं असं दोघांच्या मनात आहे, पण नातेवाईक म्हणतात, "तालुक्याच्या गावात नेऊन पोरीचं नुकसान कराल." तिथल्या शाळा कशा असतात, मुलीला कुठे घालावं आणि पुढे दहावी-बारावीला अडचण येईल का, असं या ताईंनी विचारलंय.

ताई, आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. खुशाल जा. पाचवी हे शाळा बदलायला चांगलं वय आहे. मुलगी आठवीत असती तर मी दहादा विचार करा म्हटलं असतं. मात्र वाईला जाऊन मुलीला रोज तासाभराच्या बस प्रवासाच्या, हायवेकडेच्या एखाद्या शाळेत पाठवणार असाल, तर पुण्यातच राहिलेलं बरं. राहायचं गावात आणि शाळा गावाबाहेरची, म्हणजे शहरातल्या सोयीही गेल्या आणि गावही मिळालं नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या अनुदानित माध्यमिक शाळांमध्ये तीस वर्षांहून जास्त काळ गणित आणि विज्ञान शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. संस्थेच्या बदल्यांमुळे तीन-चार तालुक्यांच्या गावांत बिऱ्हाड हललं. माझी दोन्ही मुलं त्याच गावांतल्या शाळांत शिकली. तेव्हा शिक्षक म्हणून जितकं सांगू शकते तितकंच आई म्हणूनही. आई म्हणून तर या गावांचं ऋण मला रोज आठवतं.

लहान गावातल्या शाळेचा विचार करताना ती कुणी उभी केली हे आधी बघावं. आपल्या जिल्ह्याचंच बघा. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली ती साताऱ्याला आली. वसतिगृहातल्या पोरांची चूल पेटती राहावी म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. बायकांनी घरात मूठ-मूठ धान्य बाजूला काढून ठेवलं. 1940 साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि 'कमवा आणि शिका' तिथे प्रत्यक्षात उतरलं. मोठ्या संस्थांचीच ही गोष्ट नाही. तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या हायस्कुलात जा, वर्गाच्या दारावर किंवा व्हरांड्याच्या भिंतीत संगमरवरी पाट्या दिसतील. कुणी आईच्या स्मरणार्थ एक खोली बांधून दिलेली, कुणी पाण्याची टाकी, कुणी नुसते एक्कावन्न रुपये दिलेले. एक्कावन्नवाल्याचंही नाव तितक्याच ठळक अक्षरात कोरलेलं असतं. मी नव्या शिक्षकांना रुजू झाल्या दिवशी या पाट्या वाचायला लावत असे. ज्या पैशांतून आपल्याला उभं राहायला छप्पर मिळालं, तो पैसा कुणाच्या घामाचा होता हे कळल्यावर तासाला उशिरा जायला मन धजत नाही.

अशा शाळेत मुलगी घातली की तुम्हाला मिळतं काय? पहिली गोष्ट, तिला ओळखणारी माणसं. वर्गशिक्षिका भाजी मंडईत भेटतात. शाळेच्या शिपाईमामांची बायको तुमच्या सासूबाईंना भजनात भेटते. मूल दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी दाराशी उभं राहतं. माझा मुलगा सातवीत असताना शाळा सुटल्यावर घरी न येता नदीवर पोहायला जायला लागला होता. मला हे किराणा दुकानदारांनी सांगितलं. तक्रारीच्या सुरात नव्हे, साखर कागदात बांधता बांधता: "बाई, पाण्याला ओढ आहे सध्या, पोराकडे बघा जरा." त्याच संध्याकाळी दुकानदारांचा भाऊ, जो तालमीत जायचा, पोराला घेऊन घाटावर गेला आणि पोहायला नीट शिकवायला लागला. पैसे घेतले नाहीत, कुणी विचारलेही नाहीत. शहरात याच कामाला स्विमिंग क्लास, सीसीटीव्ही आणि समुपदेशक अशी तीन खाती लागली असती. मी शहराला नावं ठेवत नाही. पण आई-बाप दोघंही नोकरीत असताना मुलाकडे लक्ष ठेवणारी चार जबाबदार माणसं आजूबाजूला असणं किती मोठं आहे, हे ज्याला मिळालंय त्यालाच कळतं.

दुसरी गोष्ट वर्गाची. खाजगी शाळेत फी जेवढी, तेवढ्याच उत्पन्नाच्या घरातली मुलं वर्गात येतात. गावातल्या अनुदानित शाळेत डॉक्टरांची मुलगी, हमालाचा मुलगा, शेतकऱ्याची, शिंप्याची, एसटी कंडक्टरची मुलं एका बाकावर बसतात. वाई तालुक्यात भुईंजला साखर कारखाना आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर मुलं येतात. त्यातली काही मूळ शाळेतून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेला कागद, घेऊन येतात, बरीचशी तसलं काहीही न घेता. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्येही त्यांना वयानुसार वर्गात बसवून घ्यावं लागतं.

मी एका कारखान्याजवळच्या शाळेत असताना पाचवीच्या वर्गात अशी एक मुलगी आली. माझी धाकटी त्याच वर्गात होती. वजन-मापांचा धडा चालू होता. क्विंटल म्हणजे किती, टन म्हणजे किती, सगळ्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं. मी विचारलं, "टनभर ऊस म्हणजे ढीग केवढा?" वर्ग गप्प. ती मुलगी उठली आणि दोन्ही हात पसरून मोळी दाखवायला लागली. आमचा कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो, म्हणाली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तिनंच वर्गाला सांगितलं. मग फळ्यावर हिशेब झाला: टनाला मजुरी इतकी, दिवसाचे टन इतके, हंगामाचे दिवस इतके, मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, इतकी, तर फिटायला किती दिवस? गुणाकार, भागाकार आणि त्रैराशिक, तिन्ही एका तासात. उत्तर आलं तेव्हा वर्गातल्या काही मुलांना ते चुकलंय असं वाटलं, कारण हंगाम संपूनही उचल थोडी उरत होती. मुलगी म्हणाली, "नाय, बरोबर हाय. तेवढी ऱ्हातीच." त्या रात्री जेवताना माझ्या मुलीनं विचारलं, "आई, राहिलेली उचल कोण फेडतं?" तो प्रश्न तिच्या मनातून गेला नाही. आज ती कामगार कायद्याच्या क्षेत्रात काम करते. हा धडा फी भरून मिळत नाही. त्या मुलीनं वर्गाला जे शिकवलं ते पाठ्यपुस्तकात नव्हतं आणि मलाही येत नव्हतं.

आता या जिल्ह्याचा इतिहास तितक्याच खरेपणानं सांगायला हवा. गाव म्हटलं की सगळं गोडच असं मी म्हणणार नाही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या काळात वर्गात वेगळं बसावं लागे, बसायला स्वतंत्र गोणपाट असे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्याच साताऱ्यात पुढे भाऊरावांनी सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायला बसवली आणि 1927 साली गांधीजींनी त्या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण केलं. आपलं गाव या दोन्ही गोष्टींचं वारसदार आहे. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. मधल्या सुट्टीत जा. खिचडी कोण वाढतंय, कोण कुणाशेजारी बसलंय, कुणी डबा घेऊन वेगळं बसलंय का, ते पाहा. स्नेहसंमेलनाचे जुने फोटो भिंतीवर असतील तर निवेदन कोण करतंय आणि सतरंज्या कोण उचलतंय तेही बघा. दहा मिनिटांत शाळा कळते. मुख्याध्यापकांच्या भाषणातून ती कळत नाही, हे मी मुख्याध्यापिका असताना स्वतः भाषणं केलेली बाई म्हणून सांगते.

आणखी काय बघायचं? इमारत आणि संगणक कक्ष सगळे बघतात. तुम्ही शिक्षकांची मंजूर पदं आणि भरलेली पदं विचारा. इंग्रजी, गणित आणि विज्ञान या तीन विषयांना त्याच विषयाचे शिक्षक आहेत की इतिहासाचे सर विज्ञान 'घेतात'? पाचवी ते सातवीचे शिक्षक किती वर्षं याच शाळेत आहेत? प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आहे का आणि असलं तर किल्ली कुणाकडे आहे? ग्रंथालयाच्या नोंदवहीत मागच्या महिन्यात पुस्तकं नेल्याच्या सह्या आहेत का? परिपाठाला मुलं स्वतः बातम्या लिहून आणतात की कुणीतरी एकच हुशार मुलगी रोज वाचते? हे प्रश्न विचारले तर चांगला मुख्याध्यापक खूश होतो. जो वैतागतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायची गरज नाही.

पदांचा विषय निघालाय तर एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण शहरातून येणाऱ्या पालकांना ती ठाऊक नसते. अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत किती शिक्षक द्यायचे हे संचमान्यतेत ठरतं आणि त्याचा आधार असतो 30 सप्टेंबरचा पट, म्हणजे त्या दिवशीची विद्यार्थीसंख्या. कायद्याचं प्रमाण पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला 35 मागे एक असं आहे. गावातल्या सुस्थितीतल्या घरांनी मुलं काढून बाहेरच्या शाळेत घातली की पट उतरतो. पट उतरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं समायोजन दुसरीकडे होतं. तो नेमका विज्ञानाचा असला तर उरलेल्या मुलांचं विज्ञान गेलं. मग आणखी चार पालक म्हणतात, "शाळेत शिक्षकच नाहीत," आणि तेही मुलं काढतात. मी डोळ्यांदेखत चांगल्या शाळा अशा सुकताना पाहिल्या आणि एक-दोन शाळा वाचतानाही पाहिल्या. वाचल्या त्या ठिकाणी मोठी देणगी आली नव्हती. गावातल्या पाच-सहा डॉक्टर, प्राध्यापक, दुकानदार घरांनी ठरवून आपली मुलं तिथे घातली, एवढंच घडलं होतं. तुमच्या मुलीचं पटावरचं एक नाव म्हणजे एक नाव नसतं. ते वर्गातल्या हमालाच्या मुलाचा विज्ञान शिक्षकही टिकवून धरतं.

माध्यमाचं आता. मुलगी चौथीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकली आहे, तर मी तिला सेमी इंग्रजीत घाला म्हणेन: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. ज्या गावांत हल्ली चांगल्या अनुदानित शाळा आहेत तिथे बहुतेक ठिकाणी पाचवीपासून सेमीची तुकडी असते. मराठी तिनं शाळेत विषय म्हणून घेतलंच असेल, 2020 च्या कायद्यानं ते राज्यातल्या सगळ्या माध्यमांना सक्तीचं झालं. पण विषय म्हणून शिकलेलं मराठी आणि इतिहास-भूगोल मराठीतून वाचणं यात फरक आहे. त्याची तयारी एप्रिल-मे मध्ये घरी करा. तीन गोष्टी पुरतात. रोज पंधरा-वीस मिनिटं मोठ्यानं वाचन, सासूबाईंसमोर, त्यांनी चुका सांगायच्या. जोडाक्षरं लिहून घेणं. आणि संख्यांची नावं: एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी इथे शहरातली मुलं हमखास अडखळतात, आणि गणिताचे सर तोंडी बोलताना याच संख्या वापरतात. दिवाळीपर्यंत मुलगी सरावते. पहिल्या घटक चाचणीत मराठीत आणि इतिहासात गुण कमी येतील, त्यावरून घरात रडारड करू नका.

इंग्रजी बिघडेल ही भीती सगळ्यांना असते. फलटणला कमला निंबकर बालभवन ही शाळा 1986 पासून आहे. ती उभी करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या, भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या आणि तिथल्याच होऊन राहिल्या. ज्यांची स्वतःची मातृभाषा इंग्रजी, त्यांनी एका तालुक्याच्या गावात शाळा काढली ती मराठी माध्यमाची, सगळ्या थरांतल्या मुलांसाठी, आणि वाचन-लेखनाच्या पद्धतीवर तिथे कित्येक वर्षं काम केलं. मी फलटणला असताना तिथे जाऊन वर्ग पाहिले. मुलं न घाबरता प्रश्न विचारत होती, स्वतःच्या मनानं लिहीत होती. ज्याला एका भाषेत विचार मांडता येतो त्याला दुसरी भाषा जड जात नाही, हे मी पुढे माझ्या वर्गात पुनःपुन्हा पाहिलं. घरात तुम्ही दोघं इंग्रजीतून काम करताच. संध्याकाळी अर्धा तास इंग्रजी पुस्तक हातात द्या, झालं.

वाईला आणखी एक भाग्य आहे, जे सगळ्या तालुक्यांच्या गावांना नसतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथले. मराठी विश्वकोशाचं काम इथेच बसून झालं, पहिला खंड 1976 साली निघाला. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला असते. मुलीला तिथे घेऊन जा. पहिल्या वर्षी ती पेंगेल, तिसऱ्या वर्षी प्रश्न विचारेल. थंडी ओसरताना कृष्णाबाईचा उत्सव असतो, आळीआळीनं, घाटाघाटावर. त्यात पंगतीला वाढायला मुलांना बोलावतात. तिला जाऊ द्या. अनोळखी माणसाच्या पानात अदबीनं वाढता येणं, म्हाताऱ्या माणसाला आग्रह करता येणं, दोनशे माणसांचं पाणी पुरवण्याचा अंदाज येणं, हे सगळं शिक्षणच आहे आणि मला ते कुठल्याच अभ्यासक्रमात घालता आलं नाही. वर पसरणीचा घाट चढला की पाचगणीच्या निवासी शाळा आहेत, देशभरातली मुलं तिथे येतात. त्यांच्याकडे मैदानं आहेत, घोडे आहेत, वाद्यवृंद आहेत. पण सासूबाईंच्या घरी राहून मुलीला आजी मिळणार आहे. तुमच्या ठिकाणी मी असते तर आजीच निवडली असती.

कमतरता सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मुलाला वाचनाची किंवा बोलण्याची विशेष अडचण असेल तर तज्ज्ञ मिळायला सातारा किंवा पुणंच गाठावं लागतं. तुमच्या मुलीला असं काही असेल तर निर्णय घेण्याआधी त्याची सोय बघा, मग बाकीचं. बुद्धिबळ, टेनिस, पियानो अशा ठरावीक गोष्टीत मूल खूप पुढे गेलेलं असेल तर मार्गदर्शक मिळणं अवघड. कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि धावण्यात मात्र तालुक्याची शाळा शहराच्या शाळेला मागे टाकते. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसवणारे कलाशिक्षक असतील तर त्यांना धरून राहा, असे शिक्षक आता कमी होत चालले आहेत. आणि मुलगी वयात येईल तेव्हा गावाचे तेच डोळे, जे लहानपणी तिची काळजी घेत होते, तिच्या कपड्यांवर आणि मैत्रीवर रोखले जातील. कुठे दिसली, कुणाशी बोलली, हे तुमच्या कानावर येईल. त्या वेळी तुम्ही कुणाच्या बाजूनं उभं राहता यावर बरंच ठरतं. मी माझ्या मुलीच्या बाबतीत एक नियम ठेवला होता: बाहेरून काहीही कानावर आलं तरी आधी तिच्याशी बोलायचं आणि सांगणाऱ्याला नम्रपणे एवढंच म्हणायचं की, "मला माहीत आहे." दोन-तीनदा असं झाल्यावर सांगणारे थांबले. काळजीनं सांगणारे राहिले, चहाड्या करणारे गळले.

दहावीपर्यंत अडचण नाही, हे मी जबाबदारीनं सांगते. डिसेंबरपासून शाळा दहावीचे जादा तास घेतात, कित्येक गावांत रात्रीची अभ्यासिका चालते. आमच्या शाळेत संध्याकाळी सात ते नऊ वर्ग उघडे असत. पालकांनी पाळ्या लावल्या होत्या, रोज दोन घरांतून चहा आणि पोहे यायचे. एक रिक्षावाले काका, ज्यांचा स्वतःचा मुलगा दहावीत नव्हता, लांबच्या वस्तीवरच्या मुलींना रात्री घरी सोडायचे. वीज गेली की सगळ्यांच्या घरचे दिवे यायचे. त्या अभ्यासिकेत शिक्षकांनी फार शिकवलं नाही. मुलं एकमेकांना शिकवत होती, आणि ज्यांच्या घरी एका खोलीत सहा माणसं होती त्यांना बसायला जागा मिळाली होती. निकालाच्या दिवशी ते रिक्षावाले काका पेढे घेऊन आले, जणू वर्गातली सगळी मुलं त्यांचीच होती.

अकरावी-बारावीचं मात्र खरंच गुंतागुंतीचं आहे. नीट आणि जेईईच्या नादात तालुक्याच्या गावातली हुशार मुलं पुणे-लातूरकडे जातात आणि कॉलेजला नावापुरता प्रवेश ठेवून क्लासमध्ये बसतात. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाल्यानं निवड दिसते मोठी, पण कॉलेजात वर्ग खरोखर भरतात का हे पोर्टलवर दिसत नाही. ते तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारा. माझं मत असं की पंधराव्या वर्षी मूल वसतिगृहात पाठवण्याची घाई करू नये. वाईतून साताऱ्याला रोज ये-जा होते, एसटीचा पास मिळतो. तुमच्या मुलीला अजून सहा वर्षं आहेत. त्या वेळचं त्या वेळी बघू, आजच त्याची धास्ती घेऊन पाचवीची शाळा निवडू नका.

आता तुमच्याकडून काय लागेल ते. गावातल्या शाळेला पालकाचा वेळ लागतो. पहिली ते आठवीच्या शासकीय आणि अनुदानित शाळांत कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान 75 टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कागदावर ही समिती सगळीकडे आहे. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी नोंदवही घरी येते आणि सही होऊन परत जाते. तुम्ही समितीत असा वा नसा, सभेला जा. पहिलं वर्ष बोलू नका, ऐका. "आमच्या पुण्यात असं असतं" हे वाक्य तर अजिबात नको, त्यानं दारं बंद होतात. कोण गवंडी आहे, कोण वायरमन, कुणाचा ट्रॅक्टर आहे, कोण जुनं पुस्तक बांधून देतं, हे कळून घ्या. मग तुमच्याकडे जे आहे ते द्या. तुम्ही दोघं सॉफ्टवेअरमधले आहात, तर शनिवारच्या अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर आठवी-नववीच्या मुलांना संगणकावर तासभर काहीतरी करायला शिकवा. शाळेत धूळ खात पडलेले संगणक चालू करून द्या. पैशांची देणगी त्यानंतर, आणि तीही पावती घेऊन.

एक मात्र जपा. शिक्षक शेजारी राहतात म्हणून रात्री नऊला गृहपाठाबद्दल दार वाजवू नका. त्यांच्यावर सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं याचा आधीच बोजा असतो. भेटायचं तर शाळेत, वेळ ठरवून. आणि चांगला तास झाल्याचं मुलीनं घरी सांगितलं तर तेवढंच जाऊन सांगा. माझ्या नोकरीच्या काळात तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांची मोजदाद नाही. एका आईनं फक्त "काल मुलगी घरी येऊन ग्रहणाचा प्रयोग करून दाखवत होती" एवढं सांगायला उन्हातून चालत येऊन मला गाठलं होतं. ते मला अजून आठवतं, त्यावर मी पुढे कित्येक महिने उत्साहानं शिकवलं.

शेवटी कागदपत्रं. शाळा 15 जूनच्या आसपास उघडतात, त्याआधी मे महिन्यातच नव्या शाळेत बोलून ठेवा, कारण सेमीच्या तुकडीची जागा आधी भरते. पुण्याच्या शाळेतून दाखला घेताना त्यावरचं मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनावाची वेलांटी-उकार, जन्मतारीख आणि जन्मस्थळ जन्मदाखल्याशी आणि आधारशी ताडून पाहा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग बघा. चूक असेल तर दाखला हातात घेण्याआधी तिथेच दुरुस्त करून घ्या. यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर मुलीचं नाव जुन्या शाळेनं सोडलंय आणि नव्या शाळेनं घेतलंय याची ऑगस्टच्या आत खात्री करा, म्हणजे सप्टेंबरच्या पटात ती मोजली जाईल. नव्या शाळेत जनरल रजिस्टरवर, म्हणजे प्रवेशाच्या मुख्य नोंदवहीत, नोंद करताना समोर उभं राहून वाचून घ्या. दहावीच्या परीक्षेचा फॉर्म त्याच नोंदीवरून भरला जातो आणि त्यानंतर दुरुस्ती करायची म्हणजे मंडळापर्यंत खेटे घालावे लागतात.